मधाच्या बरणीचं झाकण

मसाल्याची मधाची दारू घरीच करायची, हे मी व्हिडिओ बघून ठरवलं. शाहूपुरीतून मध आणला, त्यात पाणी, लवंगा, दालचिनी आणि यीस्ट घालून काचेची बरणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. आईला सांगितलं, सरबत आहे. झाकण तेवढं सैल ठेवायचं होतं, नाहीतर आत वायू साठून काच फुटते.

दुसऱ्या दिवशी झाकण घट्ट बसलेलं. मीच चुकून आवळलं असेल म्हणून सैल केलं, तर फस्सकन आवाज आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट. चौथ्या दिवशी पत्र्याचं झाकण मधोमध फुगलं होतं आणि त्याला हात लावायची माझी छाती होईना.

माझं डोकं फिरलं. "झाकण कोण आवळतंय? फुटली तर काचा डोळ्यात जातील."

आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"मीच. वास भाईर जातोय. तुझं बाबा हुतं तवापास्नं ह्या वासावर झाकणच लावत आलोय की मी."

बाबा नुसत्या काविळीनं गेले, असंच गल्लीला आजही माहीत आहे.