मॅडमनी मागितलेले अज्ञान

पेडण्याच्या कचेरीसमोर एका गृहस्थांचा घरदुरुस्तीचा अर्ज टंकलिखित करीत असताना भाची मयूरीचा फोन आला. "मामा, आमच्या मॅडम गेल्या…" एवढेच ती बोलू शकली. हातातले वाक्य तिथेच थांबवून मी गृहस्थांना दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. त्यास आता काही आठवडे लोटले. वनस्पतिशास्त्रातील त्या थोर विदुषीविषयी लिहिण्याचे धैर्य आज कुठे होत आहे.

मयूरी कोरगावची, माझ्या विधवा बहिणीची मुलगी. मॅडमच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करावी, हा तिचा ध्यास. मॅडम मात्र फार निवडून विद्यार्थी घेत. अर्ज अर्थातच मी लिहिला. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी माझ्या अर्जांपुढे कठोर अधिकारीही मवाळ होतात, हे तालुका जाणतो. पित्याचे अकाली निधन, मातेचे कष्ट, अर्जदाराचे निष्कलंक चारित्र्य आणि शेवटी 'सबब कृपादृष्टी व्हावी'… साखळीच्या आपल्या घरी मॅडमनी तो आम्हा दोघांसमोर उभ्यानेच अखेरपर्यंत वाचला.

"हें कोणें बरयलां गो?"

"मामानं लिहिलाय."

"अर्ज बरा आहे. मला दया आली," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण दयेवर पीएच.डी. होत नाही. हिला काय कळत नाही, ते कुठे लिहिलंय?"

मी लगबगीने गुणपत्रिका पुढे केल्या. "हे हिला काय येतं त्याचं झालं, मामा." कोणत्याही कचेरीत अर्जदाराकडे त्याचे अज्ञान मागितलेले मी आजवर पाहिले नव्हते. मयूरीची मान खाली गेली. मला वाटले, संपले सगळे. मग ती हळूच म्हणाली, "आमच्या भाटात, काजूच्या बागेत, एक झाड आहे. बाकीच्या काजूंच्या आधी तेच मोहरतं, दरवर्षी. का, तें कळना."

मॅडमनी चष्मा काढला. उतार कुठल्या अंगाला, जवळ विहीर आहे का, ते लावले कोणी… प्रश्नामागून प्रश्न. आणि पुढच्याच रविवारी, बस बदलत बदलत, त्या स्वतः कोरगावात हजर! झाडाखाली बराच वेळ बसल्या, पाने चुरगळून हुंगली, आणि एखाद्या लहान मुलीसारख्या हसल्या. "मामा, म्हाकाय कळना!" मलाही कळत नाही, असे एवढ्या विद्वत्तेने एवढ्या आनंदाने म्हणावे… माझे हात आपोआप जोडले गेले. आपल्याला घेतले, हे मयूरीला त्या हसण्यातच समजले.

मॅडमच्या बाराव्यानंतर आम्ही साखळीस गेलो. काकांनी, म्हणजे मॅडमच्या यजमानांनी, त्यांची अभ्यासाची खोली उघडली. तिथली गादीची खुर्ची विद्यार्थ्यांसाठी असे. मॅडम स्वतः लाकडी स्टुलावर बसत. मयूरी दारातच थबकली. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जावे की सारेच सोडून द्यावे, हे तिचे ठरत नव्हते.

"कितकें उरलां गो तुझें?" काकांनी विचारले.

"मुख्य तेंच अजून कळूंक ना, काका."

"म्हणजे काम चालू आसा," ते म्हणाले, आणि गादीची खुर्ची बाजूला सारून त्यांनी ते स्टूल तिच्यापुढे सरकवले.