धोतऱ्याचा काढा आणि दादांचे डोळे

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दम्यावर आमच्या सांडोरच्या घरी दोन औषधं होती. अडुळशाचा काढा करून प्यायचा आणि धोतऱ्याची वाळकी पानं विडीत भरून ओढायची. दोन्हींच्या जुड्या आत्या एकाच दोरीवर टांगायची. मी तिला हजारदा बजावलं. पण आत्यापुढे बोलायची सोय होती का? त्या सकाळी तिने अडुळसा समजून धोतराच उकळला.

तो काढा प्यायले माझे वडील, आमचे दादा. माझ्या जन्माआधीच देवी येऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले होते.

तासाभरात तोंड लालबुंद, जीभ कोरडी, अंगाची भट्टी. मग ते हवेतून काहीतरी वेचू लागले. "केळफूल बघ केवढं जांभळं! अन् केळींना पानी सोडलं कोणी? भिंतीवरून वाहतंय." आत्याने रडून घर डोक्यावर घेतलं. मी शेजाऱ्याला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि दादांचे हात घट्ट धरून बसले. आता हे हातचे जातात, ही भीती होतीच. तरी खोटं का सांगू, नवलही तेवढंच वाटत होतं. जन्मात मला न पाहिलेला माणूस मलाच पोपटी आणि हिरव्यातला फरक समजावत होता! मग माझ्याकडे तोंड वळवून ते एकदम थबकले.

"अगं, तू तर थेट तुझ्या आईच्या तोंडवळ्याची!"

आई नुकतीच गेली होती. मी तिच्यासारखी मुळीच नाही. दादांचंच फताडं नाक माझ्या वाट्याला आलंय.

डॉक्टरांनी आल्या आल्या दादांना ओकाऱ्या काढायला लावल्या. जिवावरचं टळलंय म्हणाले, तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "यांना दिसतं कसं?"

"बघतो तो मेंदू. डोळे नुसती बातमी आणतात. आज विषामुळे तो बातमीवाचूनच बघतोय."

त्या खोल गेलेल्या डोळ्यांमागे इतकी वर्षं सगळे रंग शाबूत होते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आले. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आत्याला कुठला दम निघतोय! "दादा, तू काल पोरीला पाहिलंस!"

ते धडपडत उठून बसले. माझा हात चाचपत म्हणाले, "पाहिलं? मग सांग ना पोरी, कशी दिसत होतीस तू?"

मी त्यांना आईचा चेहरा सांगितला.