तिसऱ्या फेरीतला मार्सेलस

बर्निस कोवालिकला कुणी केक आणून दिला, तर ती आधी केककडे बघत नसे, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. याचं काय काम अडलंय आता?

आमच्या तळ्याकाठच्या शहरात तिने जन्मभर शाळेची पिवळी बस हाकली. मागच्या बाकावर कोण कुणाची वेणी ओढतंय, हे तिला मान न वळवता कळायचं. पण तिचा संशयी स्वभाव पोरांनी नाही घडवला, साहेबांनी घडवला. ड्रायव्हरांच्या करारावर मत घ्यायच्या जरा आधी शाळा-मंडळाने प्रत्येकाला नवंकोरं, उबदार जॅकेट वाटलं. पाठीवर नाव शिवलेलं. थंडी तोंडावर आली होती, माणसं हरखली, करार मंजूर झाला. दवाखान्याचा अर्धा खर्च आपल्याच गळ्यात पडलाय, हे जॅकेटची घडी मोडल्यावर कळलं. बर्निसने ते जॅकेट अंगाला लावलं नाही. पुढच्या निवडणुकीत ती युनियनची अध्यक्ष झाली, आणि तेव्हापासून कुणी काही फुकट देऊ लागलं की तिचा एकच प्रश्न असे: "मतदान कधी आहे?"

आता फुटबॉलचं. आमचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू हातानेही फेकायचा आणि अंगावर धावून अडवायचा. आमचा संघ हरतो. हरण्याची आम्हाला लाज नाही, सवय आहे. पण एप्रिल संपता संपता ड्राफ्ट येतो आणि सगळं शहर मुलगी बघायला निघाल्यासारखं नटतं. कॉलेजात खेळणारी चांगली पोरं देशातले व्यावसायिक संघ आळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या चालतात. पहिल्या फेरीत हिरे, सातवीत खडे. कुठला गडी कितव्या फेरीत घेतला यावर आमच्याकडे भावाभावांत अबोले झालेत.

दुसरी-तिसरी फेरी शुक्रवारी येते, आणि शुक्रवार म्हणजे जुन्या पोलाद कामगारांच्या हॉलमध्ये तळलेल्या मासळीचा दिवस. कारखाना कधीच बंद पडला, हॉल राहिला. ऑगी ब्रुडा कढईपाशी उभा राहून मासे काढतो, लोक टीव्हीसमोर बसतात, आणि आपल्या संघाने गडी निवडला की प्रत्येकजण कागदी थाळीच्या मागे मार्करने शाळेसारखी श्रेणी लिहितो. ए म्हणजे उत्तम, एफ म्हणजे नापास. मग सगळ्या थाळ्या एकदम वर. या हॉलमध्ये बर्निसच्या थाळीला वजन होतं. ती हिवाळाभर कॉलेजचे सामने बघायची, घरी पुन्हा लावून बघायची. ए तर तिने कुणाला दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या शुक्रवारी तिसऱ्या फेरीत आमच्या संघाचं नाव पुकारलं गेलं. आम्हाला हवा होता पुढच्या फळीतला दांडगा गडी. मागल्या हंगामात ती फळी इतकी पोकळ होती की आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, उभा कमी आणि आडवा जास्त दिसला. लहान पोरालाही कळत होतं काय घ्यायचं ते. आणि त्यांनी घेतला मार्सेलस टिबिट्स.

मार्सेलस होता लाथवाला. संघाला पुढे सरकता येईनासं झालं की मैदानात येऊन चेंडू लांब उडवून द्यायचा आणि पुन्हा बाकावर बसायचं, एवढंच त्याचं काम. असा गडी लोक पाचव्या-सहाव्या फेरीत घेतात, नाहीतर ड्राफ्ट संपल्यावर फोन करून बोलावतात. तिसऱ्यात कुणी घेत नाही.

पण मार्सेलस आमच्या गल्लीतला. हॉल असा उसळला की ऑगीच्या हातातला झारा तेलात पडला. मार्सेलसची आई जोनेल तिथेच बसली होती. बर्निसच्या बसमध्ये लहान पोरांना सांभाळणारी बाई ती. दोघींनी संप एकत्र केला, पिंपात लाकडं पेटवून शेजारी शेजारी हात शेकले. बायका जोनेलच्या गळ्यात पडल्या. थाळ्या वर गेल्या. ए, ए, ए. एका म्हाताऱ्याने तर तीन ए लिहिले.

बर्निसची थाळी कोरी होती.

"लिही की," ऑगी म्हणाला. "मार्करमधली शाई वाळली का?"

"मतदान कधी आहे?" बर्निस म्हणाली.

हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं कधी आहे. मे महिन्यात. संघाच्या मालकाला नवं मैदान, म्हणजे अख्खं स्टेडियम, हवं होतं, जुन्याचं छप्पर गळतं म्हणे. आमच्या गल्लीतली छपरं गळतात तेव्हा आम्ही बादली लावतो. मालकाने आमच्या विक्रीकरावर बोट ठेवलं: बाळाच्या लंगोटापासून हातोडीपर्यंत जे विकत घ्याल त्यावर थोडा थोडा कर, आणि त्यातून त्याचं मैदान. त्या करावर शहराने मत द्यायचं होतं. आमच्या पूर्वेकडच्या वस्तीचा याला पक्का विरोध होता. आणि त्याच वस्तीतला पोरगा, नको त्या जागेचा, नको तितक्या लवकर उचलला गेला होता.

"अगं, एवढे मोठे लोक एका मतासाठी अख्खी फेरी वाया घालवतील?" ऑगी म्हणाला.

"मोठे लोक म्हणूनच घालवतील. तुझ्यामाझ्याकडे फेरी असती तर आपण जपून वापरली असती."

जोनेल हसायची थांबली होती. "आजसुद्धा, बर्निस?" ती हळू म्हणाली. "एक दिवस तरी?"

बर्निसने कोरी थाळी पालथी घातली आणि मासा न खाता ती घरी गेली.

पुढच्या आठवड्यात तिच्या संशयाला खतपाणी मिळालं. वस्तीतल्या प्रत्येक दारात रंगीत पत्रक येऊन पडलं. त्यावर पाय आभाळात गेलेला मार्सेलस, आणि खाली ठळक अक्षरांत: आपला मुलगा, आपलं मैदान. पत्रक पश्चिमेकडच्या श्रीमंत वस्तीत पडलं नव्हतं. बर्निसने मुद्दाम गाडी काढून तिकडे चार दारांत विचारून खात्री केली.

मग ती जोनेलच्या स्वयंपाकघरात गेली. जोनेल घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिने बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

"हे बघितलंस?" बर्निसने पत्रक टेबलावर ठेवलं.

"फोटो चांगला आलाय."

"जोनेल, गळाला लावलाय त्याला."

"म्हणजे माझा पोरगा किडा."

"मी तसं म्हटलं का?"

"गळाला काय लावतात मग? गुलाब?" जोनेलने शेंग काडकन मोडली. "तू गुरुवारी त्या कराच्या जाहीर सभेत बोलणार आहेस, मला ऑगीने सांगितलं. बोल. पण हसतील कुणाला, मालकाला का? मालक त्या वेळी नावेत बसून दारू पीत असेल. हसतील माझ्या पोराला. जन्मभर त्याला सांगतील, तू खेळाडू नव्हतास, तू जाहिरात होतास."

"आणि मी गप्प बसले तर तुझ्या वाण्याच्या बिलावर..."

"माझं बिल मी बघते."

मागच्या दारातून मार्सेलस आत आला. उंच, लुकडा, घामाने निथळलेला. त्याने दोघींकडे बघितलं, पत्रकाकडे बघितलं आणि फ्रीज उघडून दुधाची बाटली तोंडाला लावली.

"ग्लास घे," आई म्हणाली.

"मिस बर्निस," तो ग्लास शोधत म्हणाला, "हे त्यांनी मला विचारून नाही छापलं."

"सभेला बोलावलंय का तुला? त्यांच्या बाजूने उभं राहायला?"

"बोलावलंय."

"जाणार?"

"नाही म्हटलं तर नोकरी सुरू व्हायच्या आधी साहेबाला नाही म्हटल्यासारखं होईल. हो म्हटलं तर गल्लीत कुणाला तोंड दाखवू? म्हणून अजून काहीच बोललो नाहीये." दूध संपवून त्याने ग्लास ठेवला. "एक विचारू? तुम्ही प्रत्येक गड्याचे सामने बघता. ओहायोतल्या कुठल्याशा पोराचा डावा गुडघा वाकडा पडतो, हेसुद्धा तुम्हाला माहीत असतं. माझे किती बघितलेत?"

बर्निसने पत्रकाची घडी घातली.

"एकही नाही ना?"

एकही नाही. लाथवाल्याचे सामने कोण बघतं? चेंडू उडाला की लोक पाणी प्यायला उठतात, तीही उठायची. आणि त्या शुक्रवारी तिने पोराला बघितलंच नव्हतं, तिने फक्त कॅलेंडर बघितलं होतं. ड्रायव्हरांना बिनपुराव्याची शिक्षा देणाऱ्या साहेबांना ज्या बाईने धारेवर धरलं, तिनेच पोराला न बघता तोललं होतं. राग कुणाचा करावा ते कळेना, म्हणून ती मार्सेलसवरच करवादली: "मग दाखव की. इथे दूध काय पितोयस?"

शाळेच्या मागच्या मैदानावर तळ्याकडून वारा सुटला होता. जोनेल आली नाही. मार्सेलसने पहिली लाथ मारली. चेंडू असा गेला की बर्निसला तो उतरताना दिसेपर्यंत श्वास धरावा लागला.

"वाऱ्याच्या बाजूने मारलीस," ती म्हणाली. "वळ. वाऱ्याच्या तोंडावर मार."

तो वळला. वाऱ्याने चेंडू अडवायला हवा होता. चेंडू टोक खाली घालून वारा कापत गेला आणि पलीकडच्या कुंपणापाशी जाऊन पडला. तिने त्याला कडेला मारायला लावलं, कोपऱ्यात मारायला लावलं, ओल्या गवतात भिजवलेल्या चेंडूवर मारायला लावलं. चेंडू आणायला तीच पळत होती, धापा टाकत. खोट कुठे आहे? कुठेतरी असणारच. कुणी एवढं चांगलं फुकट देत नसतं.

शेवटी सापडली. चेंडू हातात आल्यावर लाथ बसेपर्यंत तो एक पाऊल जास्त टाकत होता.

"कॉलेजात चालून जातं," ती म्हणाली. "इथे चालणार नाही. इथली माणसं रेड्यासारखी अंगावर येतात, चेंडू पायातून सुटायच्या आत अडवतील."

"माहीत आहे. माझा कॉलेजचा कोचही तेच म्हणाला."

"मग त्यांना दिसलं नाही?"

"दिसलं असणार."

"तरी तिसऱ्या फेरीत घेतलं."

मार्सेलसने चेंडूवरचं गवत पुसलं. "मिस बर्निस, मी मूर्ख नाही. तिसऱ्या फेरीत नाव ऐकू आलं तेव्हा त्यामागे काय आहे ते मलाही कळलं. पण मला लाथ मारता येते, आणि हेही खरं आहे. दोन्ही खरं असेल तर तुम्ही काय करता?"

"दोन्ही सांगते," ती म्हणाली.

गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. मालकाची माणसं पुढच्या रांगेत, मधोमध मार्सेलससाठी राखलेली खुर्ची. मार्सेलस आला, पण त्या खुर्चीवर बसला नाही. मागे, आईशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. बर्निसची पाळी आली. मायक्रोफोन तिच्यासाठी उंच होता. तिने तो ओढून खाली घेतला.

"मी तुम्हाला मार्सेलस टिबिट्सची श्रेणी सांगते," ती म्हणाली. "मी त्या शुक्रवारी दिली नव्हती, कारण मी त्याला बघितलं नव्हतं. ती माझी चूक, आणि तीही त्याच्या आईच्या देखत केली. आता बघितलंय. पोरगा चांगला आहे. वाऱ्याच्या तोंडावर मारतो. एक पाऊल जास्त टाकतो, ते सुटेल. सहाव्या फेरीत घेतला असता तर मी बी श्रेणी दिली असती, आणि मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की माझा बी म्हणजे काय."

मागून ऑगीने हुंकार भरला.

"पण यांनी तिसऱ्या फेरीत घेतला. पोराची लायकी सहावी, मोजलेली किंमत तिसरी. मधल्या तीन फेऱ्या कुणाच्या नावाने खर्ची पडल्या? त्याच्या नाही. त्या आपल्या. आपलं मत यांनी तीन फेऱ्यांना विकत घ्यायला बघितलंय. मी जन्मभर साहेबांशी घासाघीस केली आहे. मला यात एकाच गोष्टीचा अपमान वाटतो, की आपण इतके स्वस्त दिसलो."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेतला एकजण उठून म्हणाला, की निवड पूर्णपणे खेळाच्या गुणवत्तेवर झाली आहे. बर्निसने त्याला विचारलं, "मग सांगा, तो कुठल्या पायाने मारतो?" त्या गृहस्थाने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी कागद चाळत होता.

तिने मागे बघितलं. मार्सेलस जागेवर होता. जोनेल निघून गेली होती.

मतदान झालं. कराचा प्रस्ताव पडला. पण बर्निसने पाडला असं कुणी म्हणू नये, कारण वस्तीवार आकडे लागले तेव्हा कळलं ते असं: पश्चिमेकडच्या श्रीमंतांना मैदान हवं होतं पण कर भरायचा नव्हता, त्यांनी पाडला. आमच्या पूर्वेकडच्या वस्तीने, बर्निसच्या स्वतःच्या गल्लीने, हो म्हटलं होतं. गळ लागला होता. मासा दुसऱ्याच्या तळ्यातून सुटला.

बर्निस दोन दिवस दाराशी खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड वाचत राहिली. हा हो म्हणाला असेल. हिने तर नक्की. टपालवाल्याच्या नमस्काराला तिने उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जोनेल आली. पायरीवर बसली, पाठ बर्निसकडे करून.

"आकडे बघितलेस?"

"बघितले."

"विचार ना मग, मी काय मत दिलं ते. जिभेवर आलंय तुझ्या."

आलंच होतं. बर्निसने ते घोट गिळल्यासारखं गिळलं. "नाही विचारत," ती म्हणाली.

जोनेलने वळून तिच्याकडे बघितलं, जणू आता संशय घ्यायची पाळी तिची होती. "सभेतून मी का गेले माहीत आहे? तू सहावी म्हणालीस म्हणून. त्याचा कोच पाचवी म्हणत होता."

"कोचचं त्याच्यावर प्रेम आहे."

"आणि तुझं?"

"म्हणून तर सहावी म्हटलं. नाहीतर सातवी होती."

जोनेलला हसू फुटलं. तिने ते हाताने झाकलं. मग म्हणाली, "त्याला संघात ठेवलंय अजून. काढतील की नाही, ते ऑगस्टमध्ये कळेल. पहिल्या सराव सामन्याला घरच्या माणसांना पास मिळतात. दोन आहेत. ये माझ्याबरोबर."

"पास कुणी दिले?"

"संघाने."

"तू जा त्या पासावर," बर्निस म्हणाली. "मी खिडकीवर माझं तिकीट काढीन. जागा मात्र शेजारची धरून ठेव."