खोकल्याचं बटण

ऑफिसात मी दिवसभर विमा कंपन्यांची वेबपानं बनवते. ती इतकी कंटाळवाणी असतात, की कधीकधी स्वतःच बनवलेलं पान उघडायचा मला वैताग येतो. त्याच जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये मी आयुष्यात एकच मजेची गोष्ट केली. घरच्या चौघांसाठी मेंढीकोट खेळायचं वेब अ‍ॅप. आणि तिचीही माती झालीच.

चौघं म्हणजे आई, बाबा, दादा आणि मी. आम्ही तिघं बनशंकरीला राहतो, बाबांनी सरकारी कारखान्यातल्या नोकरीत असताना बांधलेल्या घरात. दादा राहतो एचएसआर लेआउटला, म्हणजे याच शहरात. पण त्याचं बोलणं ऐकलं तर वाटावं, मधे समुद्र आहे. आज सिल्क बोर्डला ट्रॅफिक, उद्या सॉफ्टवेअरचं रिलीज, परवा मुलीचा तबला. बाबांना त्याच्याकडून बाकी काही नको होतं. रविवारी दुपारी त्यानं आपल्यासमोर बसून पत्ते खेळावेत, बस्स. लहानपणापासून मेंढीकोटला ते दोघं एका बाजूला आणि आई अन् मी दुसऱ्या. तिघांत मेंढीकोट होत नाही. चौथा नाही म्हणून बाबांनी पत्त्यांचा कॅट कपाटात वर टाकून दिला होता, आणि रविवारी जेवण झालं की ते उगाच पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसायचे. मला ते बघवेना.

म्हणून अ‍ॅप. दादाला सांगितलं, घरी येऊ नकोस, निदान फोनवर तरी बस. तो लगेच हो म्हणाला. मलाच नवल वाटलं.

अ‍ॅप छान झालं होतं, उगाच कशाला कमीपणा घेऊ. पानं हातात पंख्यासारखी उघडायची, हात जिंकला की ती सरकत जिंकणाऱ्याकडे जायची. आम्ही तिघं एकाच घरात तीन खोल्यांत बसायचो, कारण बाबा आईच्या फोनमध्ये डोकावतात. पहिल्याच डावानंतर बाबा माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, सगळं सरी, ठीक आहे, पण खोकायचं कसं?

आता हे खोकणं सांगायला हवं. मेंढीकोटात दश्श्या पकडायच्या असतात. बाबांच्या हातात दश्शी अडकली असेल आणि उतारी दादाची असेल, तर बाबा हलकेच खोकायचे. म्हणजे, तुझा एक्का उतार, त्यावर माझी दश्शी सुटू दे. शुद्ध लबाडी. ज्या माणसानं कारखान्यातला एक स्क्रू कधी घरी आणला नाही, तो पत्त्यात मात्र खुशाल खोकायचा. आई चिडायची, दादा मान खाली घालून हसायचा आणि एक्का उतरायचा. मी खोकल्याचं बटण केलं. बाबांचाच खोकला रेकॉर्ड करून घातला. बाबांनी दाबलं की दादाच्या फोनवर वाजायचा. दादालाही बाबांना दाद द्यायला एक बटण दिलं, ते दाबलं की 'वा, बाबा' असं पडद्यावर यायचं.

बाबा खुललेच. शनिवारी फोन चार्जिंगला लावून ठेवायचे. दादाचा खेळ तर असा काही बहरला की विचारू नका. लहानपणी खोकला ऐकूनही कधीकधी विसरायचा, आता एकदाही चुकत नव्हता. जेवताना बाबांचं तेच, "अगं, किती वर्षांनी त्याला माझा खोकला कळायला लागलाय." आई म्हणायची, "माझा खरा, औषधाचा खोकला तुम्हाला अजून कळत नाही, ते बघा आधी."

एका रविवारी डाव ऐन रंगात होता आणि मला वहिनीचा फोन आला. तिला आईच्या लोणच्याचं प्रमाण हवं होतं. मी म्हटलं, दादाचा डाव संपला की सांगते. ती म्हणाली, "कसला डाव? तो पोहायला गेलाय. फोन इथंच आहे, टेबलावर."

तेवढ्यात बाबांचा खोकला वाजला असणार, कारण माझ्या पडद्यावर दादाचा इस्पिकचा एक्का पडला. आणि खाली आलं, 'वा, बाबा'. पलीकडच्या खोलीत बाबा खुशीत मांडीवर थाप मारताना ऐकू आले.

संध्याकाळी दादाला फोन लावला. त्यानं लपवलंही नाही. स्क्रिप्ट लिहिली होती त्यानं, म्हणजे त्याच्या जागी आपोआप खेळणारा छोटा प्रोग्रॅम, अगदी सुरुवातीपासूनच. आपली पाळी आली की पान टाकायचं, खोकला आला की एक्का, बाबांचा हात झाला की 'वा, बाबा'. मधे थोडं थांबायचं, माणूस विचार करतोय असं वाटावं म्हणून. तुझ्या अ‍ॅपला काही राखणच नाही, पाच मिनिटांचं काम, असं वर मलाच ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या धंद्यातल्या माणसाला एकदा कळलं की एखादं काम परत परत करायचंय, की तो ते यंत्रावर टाकतोच. आम्ही याला हुशारी म्हणतो, बढत्या देतो. पण बाप कुणी यंत्रावर टाकतं का?

"बाबा जिंकतायत ना? खूश आहेत ना?" दादा म्हणाला. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी फोन ठेवला आणि अ‍ॅपला राखण बसवली. स्क्रिप्ट बंद. दादाला निरोप धाडला, आता स्वतः ये, नाहीतर बाबांना सगळं सांगते. धमकीनं का होईना, गणपतीला तो घरी आला.

आरती, जेवण झालं. बाबांनी स्वतः स्टूल घेऊन कपाटातला कॅट काढला, सतरंजी घातली, दादाला समोर बसवलं. पानं त्यांनी आनंदानं दोनदोनदा पिसली. दादाचा फोन मांडीजवळ सारखा थरथरत होता. उतारी दादाची आली. बाबा हलकेच खोकले.

दादानं फोनवरून मान वर केली. "बाबा, पाणी देऊ का? सिरप वगैरे घेताय की नाही?"

आणि बदामाची पंजी टाकली. आईनं राजा टाकला, बाबांकडे बदामाचं एकच पान होतं, दश्शी, ती त्याखाली गेली. बदामाचा एक्का दादाच्याच हातात होता, मला दिसत होता. आईनं जिंकलेला तो हात उचलला नाही, तसाच पडून राहू दिला. बाबांनी दादाकडे पाहिलं. एखाद्याला ओळखीचा समजून हाक मारावी आणि भलताच माणूस वळावा, तसं. मग म्हणाले, दे पाणी. दादानं आणून दिलं, ते प्यायले आणि डाव पुरा केला. ट्रॅफिक वाढायच्या आत दादा निघून गेला.

 सकाळी चहाला बाबांनी मला विचारलं, इतके रविवार कोण खेळत होतं? मी सांगितलं सगळं. इंजिनीअर माणूस, त्यांनी स्क्रिप्ट कशी चालते तेवढं नीट समजून घेतलं. मग कप उचलून विसळायला गेले. मला वाटलं होतं भडकतील, मी त्यांच्या बाजूनं भांडायला तयार बसले होते.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर ते फोन घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"त्याला काढून टाकलंस?"

"हो."

"परत बसव," बाबा म्हणाले. "त्याला खोकला कळतो."

मी राखण काढली.