अकरा नंबरचं प्रोटीन

आमच्या लॅबमध्ये प्रोटीन चमचाभर आणि किस्से पोतंभर तयार होतात, असं अख्खं कॉलेज म्हणतं. म्हणू द्या! मी कारंज्याचा, वाशिमच्या या कॉलेजात लॅब असिस्टंट. सांगायला बसलो की माझाच चहा गार होतो.

किश्श्यांचं मूळ म्हणजे आमच्या संघमित्रा मॅडम. रिठदच्या, आईवडील शेतमजूर. आईला स्तनाचा कॅन्सर झाला, तशी मोठ्या शहरातली नोकरी सोडून इकडे आल्या. त्या कॉम्प्युटरवर नवीन प्रोटीन डिझाइन करतात, आम्ही ते बॅक्टेरियाकडून बनवून घेतो. ते त्याच कॅन्सरच्या पेशीला चिकटलं पाहिजे आणि चांगल्या पेशीला शिवता कामा नये. बस, एवढंच! त्या 'एवढंच'मध्ये दहा डिझाइन फेल गेली.

*

माझी पहिली बॅच. ट्यूब हातात आली आणि मी ती खोकल्याच्या बाटलीसारखी खळाखळा हलवली. फेसच फेस! आणि फेस झाला की प्रोटीन खराब. तीन आठवड्यांची मेहनत वाया. वाटलं, गेली नोकरी. मॅडमनी ट्यूब उजेडात धरली.

"भाऊ, हे प्रोटीन हाय. ताक नाही!"

आणि एक शब्द न रागावता माझ्यासोबत नवीन बॅच लावायला बसल्या. असा साहेब मी तरी दुसरा पाहिला नाही.

*

मे महिना. बॅक्टेरिया वाढत असताना त्यांना हवा मिळावी म्हणून मशीन फ्लास्क सारखा हलवत असते. लाइट गेली, मशीन बंद. मी आपला लांब उभा. हलवण्यात माझं रेकॉर्ड खराब!

मॅडम ओरडल्या, "काहून उभे हा? याले हालवा न!"

दोन तास आम्ही आळीपाळीने फ्लास्क गरगर फिरवत होतो. प्राचार्य डोकावले. "हे काय करून राह्यले तुमी?"

मॅडमचा हात थांबला नाही. "सर, लाइट गेली. आमीच मशीन झालो."

*

अकरा नंबरचं प्रोटीन तपासायला पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये न्यायचं होतं. बर्फाचा डबा छातीशी धरून गच्च भरलेल्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय हाय याच्यात?"

"कॅन्सरवर औषध होते का, पाहून राह्यलो."

तो स्वतःच्या सीटवरून उठला. "इथं ठेवा. इथं हादरे कमी बसतात."

मेहकरपर्यंत डबा बसून गेला, मी उभा!

*

एका दुपारी पुण्याहून फोन आला. "चिकटलं!"

आम्ही टेबलं बडवली. मॅडमनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "आणि चांगल्या पेशींना?"

"एकीलाही नाही, मॅडम."

मॅडमना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला भाऊ, मायले सांगू."

रिठदला पोचलो तेव्हा त्यांची आई ओसरीत मेथी निवडत होती. केमोमुळे केस गेलेले, डोक्याला रुमाल. तिने सगळं ऐकून घेतलं, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला.

"मंग मले कई देशीन?"

मॅडमनी त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या म्हणाल्या, "माय, अजून उंदरावर पाहा लागते, मंग माणसावर. धा-पंधरा वर्षं लागतीन."

म्हातारीने हातातली काडी निवडून घमेल्यात टाकली. दुसरी उचलली.

"मंग हे औषध जिले लागन, ते पोरगी आता शाळेत जात असन. तिच्यासाठी नीट कर. घाई करू नको."