काढायचा तो ड्रायव्हर

माझ्या एका वाक्यामुळं खराडीतल्या एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली. वाक्य मी माझ्या कॉम्प्युटरबद्दल बोललो होतो. पण बोललो होतो गॅलरीत उभं राहून, आणि आम्हा वऱ्हाडी माणसांचा आवाज गॅलरीत मावत नाही.

नोकरीसाठी अमरावतीकडून पुण्यात आलो, तेव्हा खराडीत आयटी पार्कांच्या इमारती उठत होत्या. माझ्या घरमालकांची शेतं त्यातल्याच एका इमारतीखाली गेली होती. आलेल्या पैशातून त्यांनी घर बांधलं, वरच्या मजल्यावर मला ठेवलं आणि एक लांबलचक गाडी घेतली. शेतं गेली, बैल गेले, ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टर चालवणारा माणूस तेवढा राहिला. तोच आता गाडी चालवायचा. पन्नाशीचा, हसतमुख माणूस. बोलताना मात्र अडखळायचा. एवढ्या भारी गाडीला जरा चटपटीत, तरुण ड्रायव्हर ठेवा, म्हणून नातेवाईक मालकांच्या मागं लागले होते, आणि मालकांचं काही ठरत नव्हतं. असं काही ठरेनासं झालं की ते मला विचारत. कॉम्प्युटरवाल्याला सगळं कळतं, हा त्यांचा समज मी कधी दूर केला नाही. फुकटचा मान कोणाला नको असतो?

मला खरंच सगळं कळत असतं, तर माझा स्वतःचा कॉम्प्युटर असा वागला नसता. चारचौघांच्या कॉम्प्युटरवर असते ती सिस्टिम सोडून मी हौसेनं लिनक्स नावाची वेगळीच घालून घेतली होती, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एका अपडेटबरोबर ग्राफिक कार्डाचा नवा ड्रायव्हर आला. कार्डाची आणि कॉम्प्युटरची एकमेकांशी बोलणी करून देणारा हा छोटासा प्रोग्रॅम. तो आल्यापासून पडद्यावर जे जे हलेल ते ठेचकाळायला लागलं. सिनेमात नायिका जिना उतरताना मध्येच थबकायची आणि पुढच्या क्षणी थेट तळमजल्यावर असायची. मी केबल बदलली, धूळ फुंकली, पडद्यावरचे सावल्या-बिवल्यांचे सगळे नखरे बंद केले. फरक शून्य.

शेवटी एका रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या माझ्या गाववाल्या मित्राला फोन लावला. मला लिनक्सच्या नादी लावलं ते त्यानंच. रेंज फक्त गॅलरीत यायची.

"अबे, हा ड्रायव्हर काही कामाचा नाही," मी ओरडलो. "सारखा अडखळून राहिला. आज काढूनच टाकतो त्याले."

मालक खाली गाडीजवळ उभे होते. माझा फोन संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"काय ओ साहेब, ड्रायव्हर बदलावा म्हन्ता?"

मला अगदी भरून आलं. मालकांनी लिनक्समध्ये लक्ष घालावं! "बदलायलाच हवा," मी उत्साहानं म्हणालो. "किती दिवस सहन करायचं?"

"मला बी तसंच वाटाया लागलंय," ते म्हणाले आणि घरात गेले.

थोड्या वेळानं दार वाजलं. दारात ड्रायव्हर उभा होता. चपला जिन्यातच काढलेल्या, हातात गाडी पुसायचं फडकं.

"स... साहेब," तो म्हणाला, "मी बो... बोलताना अडखळतो. गाडी न्हाई अडखळत माझी."

सकाळचं सगळं बोलणं एका झटक्यात माझ्या डोक्यात उलगडलं. मी त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याकडं बोट दाखवलं. "अहो, ड्रायव्हर म्हणजे तुम्ही नाही. यातला ड्रायव्हर!"

त्यानं वाकून डब्यात बघितलं. त्याचा विश्वास बसला नाही, आणि कोणाचाही बसला नसता. तेव्हा त्याच्यासमोरच काम करायचं ठरवलं. मी नवा ड्रायव्हर काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर पडदा काळाठिक्कर. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"ग... गेला?" त्यानं विचारलं.

"येईल," मी म्हणालो. मलाही खात्री नव्हती. मित्रानं सांगितलेल्या आज्ञा एकेक करून टाइप केल्या, आधीचा जुना ड्रायव्हर परत बसवला आणि यापुढं याला हात लावायचा नाही, असंही कॉम्प्युटरला बजावलं. पडदा उजळला.

आता काहीतरी पळतं लावून बघायला हवं होतं. तो धावत खाली गेला आणि गाडीतून जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीची सीडी घेऊन आला. बैल मध्येच थांबले तर सांगा, असं मी त्याला म्हणालो.

बैल सुटले ते थांबलेच नाहीत. धूळ, शेपट्या, कडेची माणसं, सगळं सलग. तो खुर्चीवरून उठला, फडकं डोक्यावर फिरवायला लागला. "गेला, गेला, गेला! भिर्रर्र! आरं पळ रं माझ्या राजा, मागं बघतोस व्हय!" एकही अक्षर अडखळलं नाही. मी शर्यत सोडून त्याच्याकडंच बघत राहिलो. मला फार आनंद झाला होता.

आरडाओरडा ऐकून मालक वर आले. मी त्यांना डबा दाखवला, सकाळचा घोळ सांगितला. ते ऐकत होते, पण डोळे बैलांवर होते.

"आपली जोडी बी आशीच पळायची," ते ड्रायव्हरला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "म्हंजे नवा वाईट निघाला?"

"नवा टाकून बघितला, मालक. जुनाच बरा."

"आसं." ते पुन्हा बैलांकडं बघायला लागले. ड्रायव्हर फडक्याची घडी घालत होता, मोडत होता.

"मग काढ," मालक त्याला म्हणाले.

फडकं खाली पडलं.

"आरं, गाडी काढ म्हन्तोय! इश्रांतवाडीला पाव्हन्यांकडं जायाचंय. आन् कुनी तिथं ड्रायव्हरचा इषय काढला, तर मी बोलतो. तू गप ऱ्हा."

त्या घरात मी पुढं बरीच वर्षं राहिलो. सकाळी गाडी पुसता पुसता तो वर बघून विचारायचा, "स... साहेब, ड्रायव्हर बरा हाय का?"

"मजेत आहे," मी गॅलरीतून सांगायचो. "आणि खालचा?"

"जु... जुनाच हाय," तो म्हणायचा, आणि फडकं झटकून पुन्हा काच पुसायला लागायचा.