खालच्या ओळीचं दार

मिस्त्री,

नमस्कार-चमत्कार करत बसत नाही, तुम्हालाही ते कधी आवडले नाहीत. तुम्ही गेलात हे मला काल कळलं, तेही ल्यूंच्या सुनेच्या फोनवरून. चव्वेचाळीस वर्षांत मी माडोला एकदाही फिरकले नाही आणि आता पत्र लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कॉलेजवाली, काँक्रीट सुकल्यावर खुणा करायला आलीस होय?" तसंच समजा. त्या दाराबद्दल बोलायचं आहे. ते दार मी

इथवर लिहून पीशियानं पेन खाली ठेवलं. जे इतक्या वर्षांत तोंडातून निघालं नाही, ते चहाच्या एका कपावर कागदावर कसं उतरणार?

सत्तरीची चान पीशिया म्हणजे काओश्युंग शहरातली नाव कमावलेली आर्किटेक्ट. निवृत्त झाली तरी पोरं नकाशे घेऊन तिच्याकडे येतात. ती त्यांच्यावर पेन्सिल चालवते तेव्हा हातचं काही राखत नाही. पण घराचा विचार कुठून सुरू करायचा हे तिला ज्यानं शिकवलं, त्याचं नाव मात्र तिनं एकाही पोराला सांगितलेलं नव्हतं.

त्याचं नाव यान खुनशुई. माडो गावचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, सुपारी-चुन्यानं रंगलेले दात, कानामागे खोचलेली सुताराची पेन्सिल. पीशिया ताइनानच्या कॉलेजातून पास होऊन पहिल्यावहिल्या कामावर माडोत आली तेव्हा ती सव्वीसची होती आणि तो पंचेचाळिशीचा. काम होतं ल्यू बाईंच्या घराचं. ल्यू बाई विधवा. पपनसांच्या बागेवर त्यांनी एकुलता मुलगा वाढवला होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि सून नव्याच घरात पाऊल टाकणार होती.

पीशियानं नकाशा उघडला. दर्शनी भिंतीच्या बरोब्बर मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, पश्चिमेला भली मोठी काच. मिस्त्रीनं तो नीट पाहिला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वीट ठेवली आणि म्हणाला, "छान आहे. आता ल्यू बाईंना बोलाव."

ल्यू बाई आल्या. मोकळ्या जागेवर मिस्त्री चुन्याचा डबा घेऊन उकिडवा बसला होता.

"बाई, चाला."

"कुठं चालू?"

"बागेतून घरी येता तशा. टोपली घेऊन."

"अरे, घर कुठाय? घर बांधायला तर तुला बोलावलंय!"

"आहे असं समजून चाला. दमलात की टोपली ठेवा."

ल्यू बाईंनी पीशियाकडे पाहून कपाळाला हात लावला, पण चालल्या. त्या जिथं जिथं गेल्या तिथं तिथं मिस्त्री त्यांच्या मागून चुना सोडत गेला. तीन दिवस संध्याकाळी हाच उद्योग. तिन्ही दिवस बाई उजव्या कोपऱ्यातल्या लाँगनच्या झाडाकडून आल्या आणि टोपली झाडाच्या सावलीतच ठेवली.

"दार इथं," मिस्त्री म्हणाला.

"कोपऱ्यात? मिस्त्री, सगळा तोल जाईल!"

"तोल बघतो कोण? शेजारी. दारातून ये-जा करतं कोण? म्हातारी. तुझ्या दारानं गेली तर टोपली घेऊन रोज अर्ध्या घराला प्रदक्षिणा घालेल. घर बांधतेस का देऊळ?"

पीशिया दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं नवा कागद घेतला आणि चुन्याच्या रेघांवरून घर काढायला लागली. आणि गंमत म्हणजे ते घर आपसूक जुळत गेलं. दार कोपऱ्यात, दारापासून स्वयंपाकघर पाच पावलांवर, पश्चिमेला काचेऐवजी जाड भिंत. त्या भिंतीत वर विटा एकाआड एक सोडून वाऱ्याला वाट द्यायची, ही युक्ती मात्र तिची. मिस्त्री बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला.

"हे मला सुचलं नसतं," तो म्हणाला. "रेघ जड आहे तुझी, पण डोकं चालतं."

त्यानंतर सन्मानपदकं पुष्कळ मिळाली. त्या वाक्याएवढा आनंद एकाचाही झाला नाही.

म्हणूनच, पायाचं काम झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "दाराचं माप आज तू काढ," तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. तिकडे दाराचं माप म्हणजे काही लाकडाचा हिशोब नव्हे. मापाच्या फितीवर दोन ओळी असतात. वरची जिवंत माणसांच्या घरासाठी, खालची थडग्यांसाठी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. दोन्ही ओळींत छोटे छोटे रकाने. रकाना लाल आला तर शुभ, काळा आला तर अशुभ. मिस्त्रीकडे वडिलांच्या वेळची लाकडी पट्टी होती, तिच्यावर फक्त जिवंतांची ओळ. पीशियाकडे होती नवी कोरी पोलादी फीत.

पीशिया हे सगळं थोतांड समजायची. तिच्या मनात दाराची रुंदी आधीच पक्की होती, अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. भिंतीच्या उंचीशी तीच शोभत होती. तिनं फीत ताणली, अठ्ठ्याण्णवाखाली लाल दिसलं, आणि ती हसून ओरडली, "घ्या मिस्त्री, तुमचं लालसुद्धा आलं!"

"आलं ना? मग लिही."

त्यानं येऊन पाहिलं नाही. एरवी तो दुसऱ्याच्या हातचा ओळंबाही पुन्हा लावून बघणारा माणूस. तिनं पाहिलेला लाल रकाना खालच्या ओळीतला होता. वरच्या ओळीत अठ्ठ्याण्णवाला काळा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं: ताटातूट.

घोटलेल्या दगडाची चौकट बसली, रंग झाला. लग्नाला तीन दिवस उरले असताना मुलीकडच्या बायका रुखवत मांडायला आल्या. त्यात मुलीची आत्या, स्वतःची फीत पिशवीत घेऊन. अशी एक आत्या प्रत्येक घराण्यात असतेच. तिनं दाराला फीत लावली, चष्मा वर केला, पुन्हा लावली.

"अगंबाई! ताटातूट? आमच्या पोरीला ताटातुटीच्या दारातून आत घेणार?"

तिनं बोट फितीच्या खालच्या ओळीवर सरकवलं.

"आणि हे बघा, खाली कसं झक्क लाल आलंय! मेलेल्यांच्या ओळीनं दार मापलं यांनी! ल्यू बाई, घर बांधलंत का थडगं?"

ल्यू बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नकाशाची गुंडाळी काखेत धरून पीशिया तीन हातांवर उभी होती. मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, एकदाच. तेवढ्यात ती एक वाक्य बोलू शकली असती. माप माझं आहे. चार शब्दसुद्धा नव्हते. पण तिच्या मनात आलं, माझं हे पहिलं काम, त्यात मी बाई, कॉलेजची; उद्या सगळं गाव म्हणेल, बघा, शिकून काय उजेड पाडला. आणि तिनं मान खाली घालून नकाशाचा दोरा सोडला, पुन्हा बांधला.

"माझी चूक," मिस्त्री म्हणाला. "डोळे म्हातारे झाले. ओळ चुकली."

"डोळे म्हातारे झाले तर घरी बसावं माणसानं," आत्या म्हणाली.

त्याच दुपारी त्यानं चौकटीच्या दोन्ही अंगांना पाच-पाच सेंटिमीटरचं लाकूड ठोकलं. अठ्ठ्याऐंशी. वरच्या ओळीत लाल, धनलाभ. लग्न झालं. दार सुधारलं, मिस्त्रीचं नाव सुधारलं नाही. जिवंतांचं दार मेलेल्यांच्या ओळीनं मापणाऱ्याला घर कोण बांधायला देणार? पोरंटोरं त्याला "थडगेवाला मिस्त्री" म्हणायला लागली आणि पुढं कामंही तीच येऊ लागली. वसंतात पितरांच्या पूजेआधी थडग्यांची डागडुजी, बाकी वर्षभर रिकामा. जो माणूस चालणाऱ्याच्या पावलांवरून घर ओळखायचा, त्याच्या वाट्याला जन्मभर न चालणारी गिऱ्हाइकं आली.

पीशियानं महिन्याभरात काओश्युंगमध्ये नोकरी धरली. निघाली त्या दिवशी मिस्त्री बसथांब्यावर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडी पट्टी आणि तांदळाच्या वाफाळत्या उकडीची वाटी.

"खाऊन घे. बसमध्ये मळमळत नाही मग." मग पट्टी पुढं केली. "हिचं लाल पुसट झालंय. काओश्युंगला एक जुना रंगारी आहे, पत्ता आत ठेवलाय. रंगवून घे आणि सवडीनं आणून दे. आईला नवं स्वयंपाकघर बांधायचंय. म्हातारी कशी चालते ते बघायला तूही ये. तिचं दार तरी या पट्टीनं काढू, एकच ओळ आहे, चुकायला नको."

तो हे हसून बोलला. त्यात टोमणा होता की माफी, हे तिला आजही सांगता येत नाही. तिनं पट्टी घेतली. "पुढच्या महिन्यात आणते," म्हणाली.

पुढचा महिना गेला. पट्टी परत द्यायची म्हणजे त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि समोर उभं राहायचं म्हणजे बोलायचं. ती टाळत गेली. पुढं ती शिकवू लागली तेव्हा विद्यार्थ्यांना मोकळ्या जमिनीवर चालायला लावायची, चुना टाकायला लावायची. पोरं वेडी व्हायची. लोकांनी त्याला "चान बाईंची पद्धत" म्हणायला सुरुवात केली, आणि तिनं ते म्हणू दिलं. चोरी ही चोरीच. पहिली, त्या दारापाशी, भीतीनं झाली; दुसरीला तेवढंही निमित्त नव्हतं.

काल ल्यूंची सून फोनवर म्हणाली, "मावशी, त्या दारातनं चव्वेचाळीस वर्षं ये-जा करतेय मी. नवरा काही सुटला नाही बाई, अजून इथंच घोरतोय!" मग म्हणाली, "मिस्त्रींच्या मुलाला मी विचारलं, थडग्याचं माप नीट घेतलंस ना? म्हणाला, खालच्या ओळीनं. बाबांना ती ओळ पाठच होती."

"आणि त्यांची आई?" पीशियानं विचारलं. "तिचं स्वयंपाकघर?"

"कुठलं हो? म्हातारी जुन्या चुलीशीच गेली. मिस्त्री म्हणायचे, पट्टी रंगवायला दिलीय, आली की सुरू करतो."

पीशिया उठली. कपाटाच्या खालच्या खणातून पट्टी काढली. वर्तमानपत्र पिवळं पडून हाताला चुरा लागत होता. लाल रकाने आता काळ्यांपेक्षा वेगळे ओळखूच येत नव्हते. घडीत मिस्त्रीच्या जाड पेन्सिलीतली चिठ्ठी होती: रंगाऱ्याचं नाव, देवळामागची दुसरी गल्ली, निळं दार. तिच्या घरापासून चालत बारा मिनिटं.